कोपऱ्यावरची इस्त्रीची गाडी

महाल, नागपूर
रविवार, २० जुलै २०२५

दादा,

कोपरापासून नमस्कार. खुशाली खाली लिहीन, तोवर राग आवरला तर.

गणपतीला अजून पाच आठवडे आहेत आणि आमच्या गल्लीत मंडप उभा राहायला लागला. काल सकाळी मशीन आणून नव्या सिमेंटच्या रस्त्याला भोकं पाडली. बारा भोकं, मी मोजली. हाच रस्ता करताना आम्ही तीन आठवडे फळीवरून तोल सांभाळत घरात शिरत होतो. आता मंडप माझ्या फाटकापासून समोरच्या देवकीबाईंच्या पायरीपर्यंत आहे. मधून स्कूटर जाते, तीही आरसे मिटून. मंडळाचा अध्यक्ष सुशील, माझाच जुना विद्यार्थी, चौथीत दोनदा बसलेला. त्याला म्हटलं, रस्ता मोकळा ठेवायचा काही नियम असतो की नाही? म्हणाला, "बाई, बाप्पाचं काम आहे, टेन्शन काहून घेता? थोडं अ‍ॅडजस्ट करा ना." आणि वाकून पाया पडला. पाया पडणाऱ्या माणसाची इतकी शिसारी मला आजवर आली नव्हती.

पण हे पत्र मंडपासाठी नाही, भागीरथेसाठी आहे. कोपऱ्यावर कडुनिंबाखाली इस्त्रीची गाडी लावते ती. तुला माहीत आहे, दर भाऊबीजेला तुझा झब्बा तिच्याकडेच जातो. सावनेरकडून आली त्याला एकोणीस वर्षं झाली. नवरा गेला, सासू सांभाळली, मुलीचं लग्न केलं, सगळं त्या कोळशाच्या इस्त्रीवर. आता कडुनिंबाखाली मंडळाचा स्टेज येतोय म्हणून तिची गाडी नालीपाशी ढकलली आहे. पाऊस आला की घाण पाणी चाकाला लागतं. लोक धुतलेले कपडे तिथे द्यायला कचरतात. मी म्हटलं, तू बोलत का नाहीस? तर म्हणे, "काय बोलू बाई? माह्यापाशी कोनता कागद हाये? त्यांले काही म्हटलं त गनपती झाल्यावरबी उभं नाही राहू देनार मले."

तू एकतीस वर्षं महापालिकेच्या झोन ऑफिसात परवानगीच्या टेबलावर काढलीस. मंडपाला रस्त्याचा किती भाग, खड्डे खणता येतात का, परवान्याची प्रत दर्शनी भागात लावायची की नाही, सगळं तुला तोंडपाठ. इथे दर्शनी भागात सुशीलच्या वाढदिवसाचा फलक लागलाय. तर मला एक अर्ज लिहून दे. मागणी एवढीच की मंडप नियमात बसवा आणि तिचा कोपरा तिला परत द्या.

फोन करत नाही. तुला ऐकू येत नाही, आणि न ऐकताच तू हो हो म्हणतोस.

यमू

•

कोराडी वसाहत
२४ जुलै २०२५

चि. यमूस आशीर्वाद.

तुझे दिनांक २० चे पत्र काल प्राप्त झाले. टेबल सुटले तरी भाषा सुटत नाही, हसू नकोस. इकडे सर्व ठीक. वीज केंद्राची राख नेहमीप्रमाणे उडते, वाळलेले कपडे झटकून घ्यावे लागतात. नातू विहंग रोज बसने तुमच्याकडे शहरात क्लासला येतो.

तुझे म्हणणे रास्त आहे. रस्त्याचा ठरावीक भाग रहदारीस खुला ठेवणे, खड्डे न खणणे, परवाना दर्शनी भागी लावणे, या सर्व अटी परवान्याच्या मागेच छापलेल्या असतात. परंतु नियम ही एक गोष्ट आणि अर्ज ही दुसरी. अर्जात कोणाचे नाव घेऊ नये. मंडळाचे नाव आले की कागद वर जातो आणि वरून फोन खाली येतो. म्हणून मजकूर असा केला आहे: "सदर रस्त्यावरील सर्व अडथळे दूर करून रस्ता रहदारीस मोकळा करून द्यावा." यात सर्व काही येते.

खाली सही करून कागद विहंगपाशी दे. बुधवारी तो तुझ्याकडे येईल. माझ्या टेबलावर हल्ली अमोल आहे, माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याच्याकडे कागद पोचता करण्याची व्यवस्था मी करतो. तू स्वतः ऑफिसात जाऊ नकोस. घरात तू एकटी आहेस, हे विसरू नये.

दत्तोपंत

•

महाल
४ ऑगस्ट २०२५

दादा,

सोबत राखी आहे. शनिवारी सूनबाईकडून बांधून घे आणि मनगटाचा फोटो पाठवू नकोस, मला ते आवडत नाही.

विहंगपाशी अर्ज सही करून दिला. खरं सांगू? "सर्व अडथळे" वाचून मी जरा अडखळले. मंडप हा शब्दच नाही अर्जात. चौथीच्या वहीत असलं वाक्य आलं असतं तर मी खाली लाल रेघ मारून "म्हणजे काय?" असं लिहिलं असतं. पण ऑफिसचं तुला कळतं.

भागीरथेला सांगितलं. ती आधी घाबरलीच. "कागद नोका करू बाई, कागदानं मानसं चिडतेत." मी म्हटलं, अगं माझा भाऊ त्याच ऑफिसात होता, कागद कसा चालतो ते त्याच्याएवढं कुणाला माहीत नाही. संध्याकाळी माझ्या दोन साड्या स्वतः घरी आणून दिल्या तिने. एरवी मीच घेऊन येते. बराच वेळ ओट्यावर बसली होती, मुलीच्या सासरचं बोलत होती.

स्टेज पूर्ण झाला आहे. कडुनिंबाच्या दोन फांद्या तोडल्या. आता तिथे स्पीकर बांधतायत. तुझा अमोल माणसं केव्हा पाठवतो?

यमू

•

महाल
२० ऑगस्ट २०२५

दादा,

आले. काल सकाळी अकरा वाजता आले. ट्रक, सहा माणसं, एक पोलीस आणि फोटो काढणारा एक.

मी खिडकीतून बघून इतकी खूश झाले की चपला न घालता खाली उतरले. देवकीबाईंना हाक मारली, म्हटलं बघा, कागदाचं वजन बघा. ट्रक मंडपापाशी थांबला. सुशील पुढे आला. अतिक्रमण पथकाच्या माणसाशी हात मिळवला. मग सगळे मंडपात शिरले, स्टेजच्या कडेला पाय सोडून बसले आणि त्यांना चहा आला. मी वाट बघत उभी. चहा संपला, तसे ते उठले आणि सरळ नालीपाशी गेले.

भागीरथा सुशीलच्याच झब्ब्याला इस्त्री करत होती. एकाने गाडीला हात घातला तशी ती ओरडली, "हात लावू नोका साहेब, इस्त्री गरम हाये, भाजन तुमाले!" ऐकतोस ना? तिची गाडी उचलत होते आणि हिला त्यांच्या हाताची काळजी. निखारे नालीत ओतले. गाडी कपड्यांसकट ट्रकमध्ये चढवली. कुणाची चादर, कुणाच्या लेकीचा शाळेचा ड्रेस, सगळं तसंच्या तसं वर.

मी मधे पडले. म्हटलं, तक्रार मंडपाची आहे, या बाईची नाही. त्या माणसाने फाइल उघडली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माझं पूर्ण नाव वाचलं, घरनंबर वाचला. "तक्रारदार तुम्हीच ना? सही तुमचीच ना?" सही माझीच होती. भागीरथा माझ्याकडे बघत उभी होती. चिमटा तेवढा हातात राहिला होता तिच्या, निखारे उचलायचा.

संध्याकाळी सुशीलचे चार झब्बे घडीसकट परत आले. बाकी गल्लीचे कपडे गोदामात.

मला किळस आलीय, दादा. त्या चहाची, त्या फोटोवाल्याची, आणि तुझ्या त्या अमोलची सगळ्यात जास्त. तुझ्या हाताखाली शिकला आणि हे शिकला? त्याला कडक पत्र लिही. मी तर म्हणते, जाऊन दोन थोबाडीत दे.

यमू

•

कोराडी वसाहत
२४ ऑगस्ट २०२५

चि. यमूस आशीर्वाद.

झाले ते वाईट झाले. परंतु शांतपणे विचार कर. नियम लागू करायचा म्हटला की तो सर्वांना सारखाच लागू होतो. विक्रेत्याचे ओळखपत्र नाही, फेरीवाल्यांच्या नोंदणी शिबिराच्या वेळी अर्जही केलेला नाही, अशा गाडीबाबत पथकापुढे दुसरा इलाज नसतो. त्यात अमोलचा दोष काय? तो हुकमाचा ताबेदार. मंडपाबाबत स्वतंत्र कार्यवाही यथावकाश होईलच.

त्या बाईला सांग, उत्सव संपला की दंड भरून गाडी सुटते. तिने आत्ता तिकडे खेटे घालू नयेत. तूही घालू नयेस. बुधवारी गणपती बसतील. आरतीला जाऊन ये, प्रसाद घे, सुशीलशी दोन शब्द बोल. एका गल्लीत राहायचे म्हणजे तोंडे फिरवून चालत नाही. मागच्या महिन्यात तुला पाठीचा त्रास होता, त्याचे काय झाले ते काही लिहिले नाहीस.

दत्तोपंत

•

महाल
८ सप्टेंबर २०२५

दादा,

पाठ बरी आहे. बाकी काहीच बरं नाही.

आरतीला गेले नव्हते, पण विसर्जनाच्या आदल्या दिवशी मला नेलंच. पोरी आल्या, "बाई, पाच मिनिटं या." मला वाटलं माझ्या जुन्या विद्यार्थिनी, नाही कसं म्हणू. पहिल्या रांगेत खुर्ची दिली. आणि माइकवरून सुशील काय म्हणाला माहीत आहे? "आपल्या प्रभागाच्या जागरूक नागरिक यमूताई! यांच्या तक्रारीमुळे आपला कोपरा अतिक्रमणमुक्त झाला!" मी उठायच्या आत शाल अंगावर पडली, नारळ मांडीवर आला. लोक टाळ्या वाजवत होते. कडेला भागीरथा उभी होती, प्रसादाला आलेली. तिनेही ऐकलं.

शाल मी तिथेच खुर्चीवर टाकली, पण टाळ्या तर वाजून गेल्या होत्या. घरी येऊन मोरीत उलटी केली. वयामुळे असेल, असं देवकीबाई म्हणाल्या. वय नव्हतं ते.

कोपऱ्यावर आता मंडळाचा बाक बसलाय, सिमेंटचा, पाठीवर सुशीलचं नाव. त्याच्यासाठी नवीन चार भोकं पाडली. बाकाला परवाना लागत नाही वाटतं.

काल मी आणि भागीरथा गोदामात गेलो. माझ्याबरोबर येते का म्हणून विचारलं तर "चला" एवढंच म्हणाली. गाडीची फळी मधोमध फुटली आहे. एक चाक नाही. इस्त्रीचा पत्ता नाही. सात किलोची बिडाची इस्त्री, तिच्या सासूने घेऊन दिलेली. तिथला माणूस म्हणाला, यादीत इस्त्री लिहिलेलीच नाही, म्हणजे नव्हतीच. ती वळून बाहेर आली. आता कळमन्याच्या मार्केटात मोसंबी निवडायला जाते. पहाटे पाचला घर सोडते, दिवसभर उकिडवं बसायचं. गुडघे आधीच गेलेले आहेत तिचे.

तुझं पत्र मी परत वाचलं, दादा. ओळखपत्र नाही हे ठीक, कुणीही अंदाज करील. पण शिबिराच्या वेळी तिने अर्ज केला नव्हता, हे तुला कुणी सांगितलं? मी लिहिलं नव्हतं. मलाच ते माहीत नव्हतं. काल तिला विचारलं तेव्हा कळलं की ते खरं आहे. सासू तेव्हा दवाखान्यात होती.

शुक्रवारी मी ऑफिसात जाते आहे. तो अमोल कसा दिसतो ते बघायचंय मला.

यमू

•

कोराडी वसाहत
११ सप्टेंबर २०२५

यमू,

पत्र आत्ता मिळाले. ऑफिसात जाऊ नकोस. फाइलमध्ये काही नाही. मी पुढच्या आठवड्यात विहंगला घेऊन स्वतः येतो, तेव्हा समोरासमोर बोलू. शिबिराचे मला कोणीतरी बोलता बोलता सांगितले असावे, आता आठवत नाही. तू उगाच एकेक शब्द धरून बसतेस, ही शाळेची सवय. जाऊ नकोस.

दादा

•

महाल
१५ सप्टेंबर २०२५

दत्तोपंत,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. मी शुक्रवारीच जाऊन आले.

अमोल रजेवर होता. नोंदींच्या खिडकीशी कामिनी बसते, माझ्या हाताखालून गेलेली, तेराच्या पाढ्याला अडायची. "बाई, तुमचीच तक्रार आहे, तुम्हाला बघायचा हक्क आहे," म्हणाली आणि फाइल समोर ठेवली. वर माझा अर्ज. त्याच्यामागे दोन फोटो, एक गाडी असलेला, एक नसलेला. खाली "कार्यवाही पूर्ण, तक्रार निकाली." आणि त्याच्याखाली टाचणीने लावलेला एक साधा कागद. मोत्यासारखं अक्षर. आईने ज्याच्या वळणावर मला पाटी गिरवायला लावली ते अक्षर.

मी उतरवून घेतलं आहे. तुम्हीच लिहिलंय, तरी परत वाचा:

"चि. अमोल, अर्जदार माझी बहीण आहे. वयस्क असून एकटी राहते. मंडळाचा विषय न काढता अर्ज निकाली काढावा. कोपऱ्यावर इस्त्रीची एक गाडी आहे, तिला ओळखपत्र नाही, शिबिरातही नोंद झालेली नाही, हे माझ्या वेळच्या यादीवरून मला ठाऊक आहे. तेवढी हलवल्यास काम भागेल. दत्तोपंत."

तेवढी हलवल्यास काम भागेल.

मला वाटत होतं हा अमोलचा नीचपणा, सुशीलचा नीचपणा. मी तुम्हाला सांगत होते त्याला थोबाडीत द्या म्हणून! आणि तुम्ही मला उलट लिहीत होतात, आरतीला जा, प्रसाद घे. माझी पाठ कशी आहे म्हणून विचारत होतात.

दर भाऊबीजेला ती तुमचा झब्बा करून द्यायची. "बाईचे भाऊ आले" म्हणून सगळ्यांच्या आधी करायची. तिचं नाव तुम्हाला माहीत होतं, मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. चिठ्ठीत ते नाव नाही, "इस्त्रीची एक गाडी" आहे. मी कोपऱ्यासाठी अर्ज मागितला आणि तुम्ही माझ्याच सहीने तिचा कोपरा काढून घेतलात. मला तुमची घाण वाटते. हे मी लिहून, परत वाचून, तसंच ठेवते आहे.

यमू

•

कोराडी
२६ सप्टेंबर २०२५

यमू,

दहा दिवस उत्तर सुचलं नाही. 'तुम्ही' म्हणून लिहिलंस, ते लागलं.

मी खोटं बोललो. चिठ्ठी माझी आहे. का लिहिली ते सांगतो, मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

नोकरीला लागून सातआठ महिने झाले असतील, कवडू नावाच्या एका निवृत्त पोस्टमनने मंडपाविरुद्ध अर्ज दिला होता, मंडळाचं नाव घालून. मी नवा होतो, नियमाने वर पाठवला. पंधरा दिवसांत त्याचा नळ तुटला. दारात रोज मेलेलं काहीतरी पडायला लागलं. त्याच्या मुलीबद्दल भिंतीवर घाणेरडं लिहिलं. तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा. शेवटी घर विकून गेला. मंडप त्याच जागी दर वर्षी लागत राहिला.

तेव्हापासून मी मंडळाचं नाव असलेला एकही अर्ज वर पाठवला नाही. पण अर्ज आला की तो निकाली निघावा लागतो, आणि निकाली निघायला काहीतरी हललेलं दिसावं लागतं. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. मंडप हलत नाही. स्टेज हलत नाही. मग जे हलतं ते हलवायचं. कधी भाजीची पाटी, कधी चांभाराची पेटी. सगळे असंच करायचे आणि मला त्यात काही वाटेनासं झालं होतं. तुझा अर्ज लिहिताना मला कवडूची मुलगी दिसत होती, आणि तू दिसत होतीस, त्या घरात एकटी. तुला हात लागू नये एवढंच माझ्या मनात होतं. कुणाला तरी हलवावं लागणार होतं. मी ती गाडी सांगितली. तुझ्यासाठी केलं, यमू.

विहंगबरोबर विजेची नवी इस्त्री पाठवतो आहे, चांगली, हलकी. तिला दे. माझ्याकडून म्हणून सांगितलं नाहीस तरी चालेल. आणि भाऊबीजेला मी येऊ का, तेवढं कळव. पासष्ट वर्षांत एकही चुकलेली नाही.

दादा

•

महाल
१४ ऑक्टोबर २०२५

दादा,

'तुम्ही' लिहून मलाही जमेना, म्हणून परत तू.

कवडूची गोष्ट मला खरी वाटते. त्याची मुलगी तुला दिसली असेल, तेही खरं. पण तू मला विचारलं का नाहीस? "यमू, नाव घालून अर्ज केलास तर तुझ्या दारात घाण पडेल, आणि नाव न घालता केलास तर भागीरथेची गाडी जाईल," एवढं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. मी शूर नाही. मी अर्ज फाडून टाकला असता, घाबरून फाडला असता. पण मग तिची गाडी नालीपाशी का होईना, उभी असती. तू मला तेवढं भित्रं असण्याचीही सोय ठेवली नाहीस.

मागच्या सोमवारी ऑफिसात जाऊन लिहून दिलं की मी माझी तक्रार मागे घेते, त्या बाईची जागा तिला परत द्या. अमोल हजर होता. तुझ्यासारखाच बोलतो, मान खाली घालून, आदराने. म्हणाला, "ताई, निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही." मी म्हटलं, मग नवीन घे, आता बाकाची. त्याने कागद घेतला, शिक्का मारून पोच दिली. या वेळी मी मंडळाचं नाव घातलंय, सुशीलचं घातलंय, माझं घातलंय. वाक्य मीच केलं, शाळेतल्यासारखं, कर्ता कर्म क्रियापद. परवा फाटकात फुटलेलं मडकं आणि कसलीतरी घाण होती. झाडून टाकली. अजून तरी एवढंच.

तुझी इस्त्री घेऊन रविवारी भागीरथेच्या खोलीवर गेले. तिला सगळं सांगितलं. तुझी चिठ्ठीही वाचून दाखवली. मला वाटलं होतं, रडेल, शिव्या देईल, मग माझं थोडं हलकं होईल. ती मोसंबीच्या रसाने चिकट झालेले हात चोळत ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हनजे भावानं तुमच्यासाठी केलं?" मी हो म्हटलं. "मंग झालं ना तुमचं काम, बाई." रागाने नाही म्हणाली. मला पाणी हवं का, असं विचारल्यासारखं म्हणाली.

मी म्हटलं, असं नको बोलू. माझा ओटा रिकामा आहे, टेबल टाकते, विजेचं बटण बाहेर काढून देते. माझ्या घरच्या जागेत कुणाच्या बापाचा नियम चालत नाही. उद्यापासून ये. कपडे सगळी गल्ली आणून देईल.

इस्त्रीचं खोकं तिने उघडलंसुद्धा नाही. माझ्याकडे सरकवलं. "नाही बाई. ओटा तुमचा हाये. तिथं बसलं का मी तुमची मानूस. तुमी उठ म्हटलं का उठावं लागन. थो कोपरा कोनाचाच नव्हता, म्हनून माहा होता."

एकोणीस वर्षं मी तिच्या समोरून जात होते, आणि ती तिथे कशाच्या जोरावर उभी आहे ते मला त्या दिवशी कळलं. तुला तर एकतीस वर्षं यादी समोर ठेवूनही कळलं नाही.

निघताना तिने माझ्या दोन साड्या दिल्या. गाडी नेली त्याच्या आदल्या दिवशी करून खोलीवर नेऊन ठेवल्या होत्या, म्हणून वाचल्या. एरवी दारापर्यंत सोडायला येते. आली नाही.

खोकं विहंगबरोबर परत पाठवते आहे.

भाऊबीज २३ ला, गुरुवारी आहे. तू विचारलंस म्हणून सांगते. कळमन्याच्या फळबाजारात ती सकाळी सहापासून असते, शेडच्या डाव्या अंगाला, निळं लुगडं. आधी तिथे जा. तिच्या समोर उभा राहून सांग की ती चिठ्ठी मी लिहिली. तुझ्यासाठी केलं, असं मला सांगितलंस, तसं तिला सांगू नकोस. ती काय म्हणेल ते ऐक. ती नाही म्हणाली तर तिथूनच कोराडीची बस धर. माझ्याकडे यायचं की नाही ते मी ठरवणार नाही, ती ठरवील.

यमू